पांढऱ्या मालातला तुकडा

आमच्या घरात अनवाणी चालायची कोणालाच मुभा नव्हती. लोक उंबऱ्याबाहेर चपला काढतात, आमच्याकडे चुलीपाशीसुद्धा पायात चप्पल असायची. नवा पाहुणा दारात घुटमळला की माय आतून ओरडायची, "राहू द्या पायातच! आमच्या इथं जमिनीचा भरवसा नाही." मेहकरात आमच्या घरामागे एक मोठं वाडगं होतं. आजोबांच्या काळात तिथे गुरं बांधत. माझ्या आठवणीत मात्र तिथे काचच होती: फुटक्या बाटल्या, औषधाच्या शिश्या, कंदिलाच्या काचा, खिडक्यांची तावदानं, बांगड्यांचे तुकडे. लोणार, सुलतानपूर, डोणगावकडून फेरीवाले सायकलींना पोती बांधून ती आणायचे. बाबा माल घ्यायचे, वाडग्यात तो रंगाप्रमाणे निवडला जायचा, आणि ट्रकभर साठला की दूरच्या काचेच्या कारखान्यात वितळायला जायचा. आता याला रिसायकलिंग म्हणतात, शाळेत मुलांना त्यावर निबंध लिहायला सांगतात. मला वर्गात "फुटकी काच" म्हणत, आणि बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी आधी हाताने बाक झटकून घ्यायची.

सकाळी विहारातून वंदनेचा आवाज येत असतानाच वाडग्यातला आवाज सुरू व्हायचा. पोतं उलटं केलं की धबधब्यासारखी काच कोसळायची, मग थोडा वेळ शांत, आणि त्यानंतर एकेका तुकड्याचा आवाज. पांढरी काच एका ढिगात, तपकिरी दुसऱ्यात, हिरवी तिसऱ्यात. हे निवडण्याचं काम मोठाईचं. मोठाई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, गोकर्णा. मोठे बाबा मी पाळण्यात असतानाच गेले. तिला मूलबाळ नव्हतं. ती आमच्यातच राहायची, आमच्यातच जेवायची आणि दिवसभर वाडग्यातल्या पत्र्याखाली पोत्यावर बसून काच निवडायची. डाव्या हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, उजवा हात मोकळा. चिंधीतून काचेची धार कळत नाही म्हणायची, आणि धार कळली नाही तर हात कापतो.

रंग कोणीही वेगळे करील, खरं कसब होतं चिनी माती ओळखण्याचं. फुटक्या कपबशीचा पांढरा तुकडा धुळीत माखला की दुधी काचेसारखाच दिसतो. तो पांढऱ्या मालात गेला तर भट्टीत वितळत नाही. वितळलेल्या काचेत तो खड्यासारखा तसाच राहतो, आणि पुढे त्या खड्यापाशी बाटली तडकते. मोठाई प्रत्येक संशयित तुकडा लोखंडी पळीच्या दांड्यावर वाजवून पाहायची. मला डोळे मिटायला लावून ती तुकडे वाजवायची. "आइक. ही काच. हे आइक. हे चिनी, मुकं हाय." मी आठ-नऊ वर्षांची असताना दहापैकी दहा ओळखायला लागले तेव्हा तिने पदराच्या गाठीतून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली होती. "माह्या हातून चिनी जात नाही," असं ती सांगायची, आणि ते खरंच होतं. तिच्या सगळ्या आयुष्यात अभिमानाने सांगण्यासारखी ही एकच गोष्ट तिच्याकडे होती.

बाबांविषयी लिहिताना माझा हात अजून जड होतो. ते दारू प्यायचे नाहीत, शिवी द्यायचे नाहीत, मायवर किंवा माझ्यावर त्यांनी कधी हात उगारल्याचं मला आठवत नाही. वस्तीत त्यांना मान होता. त्यांचा राग आवाजात नसायचा. निवडलेल्या ढिगात चुकीचा तुकडा सापडला की ते काही बोलत नसत. तो तुकडा धुऊन, पुसून, जेवायच्या वेळी चुकणाऱ्याच्या ताटात ठेवायचे. भाकरीच्या शेजारी, जवसाची चटणी असते तिथे. जेवण संपेपर्यंत तो तिथेच राहायचा, कोणी काढायचा नाही. एकदा मायच्या ताटात तपकिरी बाटलीचा तळ होता. मायने आंबाडीची भाजी आणि भाकरी त्याच्या कडेकडेने खाल्ली आणि बाबा मला शाळेत काय शिकवलं ते विचारत राहिले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाडगं दोघा भावांच्या नावावर होतं. मोठे बाबा गेल्यावर त्यांचं अर्धं मोठाईच्या नावावर आलं. बाबांना तिथे पक्की शेड आणि काच दळायचं यंत्र टाकायचं होतं, त्यासाठी सगळी जागा त्यांच्या एकट्याच्या नावावर हवी होती. हा विषय ते महिन्या-दोन महिन्यांनी काढायचे. मोठाई भाकरी थापता थापता सांगायची, "नामदेवभाऊ, ते राहू द्या. म्हातारपणी मले कोनी इचारलं पाहिजे." बाबा हसायचे आणि विषय सोडायचे. मला वाटायचं, सोडला.

मी सातवीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात माय एका मयतीला लोणारला गेली होती. बाबा बाजारात, मोठाई वाडग्यात. आमच्या कोनाड्यात सहा कप होते, पांढरे, निळ्या काठाचे, प्रत्येकावर एक निळं पाखरू. मायने ते लग्नात आणले होते आणि ते फक्त मोठ्या पाहुण्यांसाठी निघायचे. मी स्वतःसाठी चहा केला, साखर जास्त घातली, आणि त्या कपात ओतून पाहुणीसारखी खाटेवर बसून प्यायले. धुताना कप हातातून सुटला. तुकडे मी फ्रॉकच्या ओच्यात भरले. बाहेर कुठे टाकले असते तर कोंबडी उकरून काढते तसे मायने ते शोधून काढले असते. वाडग्यात पांढऱ्या काचेची पोती शिवायला उभी होती, एकाचं तोंड उघडं होतं. मोठाई पाठमोरी, रांजणापाशी पाणी पीत होती. मी हात कोपरापर्यंत पोत्यात घालून तुकडे खाली ढकलले. मनगटावर एक ओरखडा आला, बस, तेवढंच.

कारखान्याला माल नेणारे रशीदभाई ट्रक घेऊन आठवड्याभराने आले, पोती घेऊन गेले. पुढच्या पंधरवड्यात ते परत आले तेव्हा ट्रक भरलेलाच होता. सगळी पोती परत आली होती. रशीदभाई खाली उतरले आणि त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी बाबांच्या हातावर ठेवली. "नामदेवभाऊ, पहिल्याच पोत्यात हे निघालं. साहेबानं पूरा ट्रक वापस केला. बोलले, यापुढं मेहकरचा माल नको." पुडीत निळ्या काठाचा तुकडा होता. पाखराचं शेपूट त्यावर अर्धं आलं होतं.

बाबांनी तो उन्हात धरून पाहिला. माय आत गेली, कोनाडा पाहून बाहेर आली आणि नुसतीच उभी राहिली. तिला काही विचारावं लागलं नाही. मी खांबाला धरून होते. बाबा मोठाईकडे वळले.

"वहिनी, हे तुमच्या हातून गेलं."

"माह्या हातून चिनी जात नाही."

"मंग कोणाच्या हातून गेलं?"

मोठाईने तुकडा पाहिला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, फार थोडा वेळ, जसं आपण घड्याळाकडे पाहतो. आणि खाली पाहून म्हणाली, "गेलं असन. डोयाले कमी दिसते आता."

बाबांनी रशीदभाईंना ट्रक वाडग्यात रिकामा करायला सांगितलं. सगळा. निवडलेला, धुतलेला, पोत्यात भरलेला माल पुन्हा जमिनीवर ओतला गेला. "वहिनी," बाबा म्हणाले, "हे पूर्ण पुन्हा पाहा. एकट्यानं पाहा. कोणी हात लावायचा नाही." ट्रक गेल्यावर जेवायला बसलो तेव्हा मोठाईच्या ताटात तो तुकडा होता. दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्या दिवशी वरण सांडून तो पिवळा झाला, तर बाबांनी मायला तो धुऊन आणायला लावला.

वैशाखातलं ऊन, त्यात काचेच्या ढिगाची तिरीप. पत्र्याखालची जागा पुरत नव्हती म्हणून मोठाई डोक्यावर ओलं फडकं घेऊन उघड्यावर बसायची. काच तापायची, हाताला चटके बसायचे. चौथ्या दिवशी सकाळी मी बाबांकडे गेले. ते वजनकाट्यापाशी बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी एका दमात सगळं सांगितलं, चहा, साखर, ओचा, उघडं पोतं. मला वाटलं होतं की ते मारतील. मार खायची तयारी करूनच गेले होते. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही.

"अजून कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"मोठाईले?"

"नाही."

"मंग नको सांगू." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तू लहान हायेस. तुले समजत नाही काय कुठी बोलावं. आता सांगून कपही येत नाही आन् कारखानाही येत नाही. जे झालं ते चांगल्या कामी लागू द्यावं." मग उठून आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. त्यात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, शाळा उघडल्यावर द्यायचे म्हणून आणून ठेवलेले. "हे घाल. आजपासून तिच्यासमोर बस. तिचा पाहून झालेला ढीग तू पाह्य. चूक दिसली की मले आवाज दे."

मी बूट घातले. पन्नास वर्षं शोधूनही मला माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही सापडलेलं नाही. मला हलकं वाटलं. सांगून टाकलं होतं, मार पडला नव्हता, आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला मोठ्या माणसासारखं काम दिलं होतं.

पहिला दिवस मी मोठाईकडे पाहिलं नाही. ती मात्र बोलत होती, नेहमीसारखी. ऊन लागलं का, पाणी पे, सावलीत सरक. दुसऱ्या दिवशी तिच्या पांढऱ्या ढिगात मला तपकिरी काचेची एक कपची सापडली, नखाएवढी. मी बाबांना आवाज दिला. ते आले, त्यांनी कपची पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला आवडला. त्यानंतर मी शोधायला लागले. मी तिच्यासारखीच पळीवर वाजवून पाहायची, तिनेच शिकवलेलं तिच्यावर वापरायची. ती थकली होती, तिच्या हातून आता चुका होत होत्या. रात्रीच्या ताटात निळ्या तुकड्याशेजारी दिवसभराच्या कपच्या यायला लागल्या. एकदा मी तिला म्हणाले, "नीट पाह्य ना बे!" मोठाईला, बे. पोरं पोरांना म्हणतात तसं. ती थांबली, आणि मग "हाव, पाह्यतो," म्हणाली. माय दारातून ऐकत होती. ती आत गेली.

आठव्या की नवव्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आधी बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. ढीग संपत आला होता. त्या दिवशी मला एकही चूक सापडली नव्हती, आणि बाबा उभे होते. मोठाई एक फुटकी बरणी उचलत होती. तळ तिच्या उजव्या हातात, कडा वर. मी जोरात ओरडले, "मोठाई! चुकलं!"

काहीच चुकलं नव्हतं. मला माहीत होतं. बाबांसमोर मला नुसतं ओरडायचं होतं.

ती दचकून वळली. बरणी हातात फिरली आणि अंगठ्याच्या मुळाशी घुसली. ती ओरडली नाही. "काय चुकलं?" असं तिने विचारलं. रक्त मनगटावरून कोपराकडे उतरत होतं आणि ती ढिगाकडे पाहत विचारत होती, "कुठी चुकलं? दाखव." मी ढिगातला एक तुकडा उचलला आणि बाबांच्या हातात दिला. तो पांढराच होता. बाबांनी पाहिला, मुठीत घेतला आणि म्हणाले, "वहिनी, दवाखान्यात चला." डॉक्टरांनी टाके घातले, पण आतली शीर तुटली होती. तो अंगठा पुन्हा वाकला नाही.

कपाचा अपराध मी आज स्वतःला माफ करू शकते. घाबरलेलं लेकरू होतं. या ओरडण्याला माझ्याकडे माफी नाही. तेव्हा मी घाबरलेली नव्हते.

त्यानंतर तीन दिवसांनी आमच्या अंगणात वस्तीतली चार जाणती माणसं बसली. बाबांनी शांतपणे सांगितलं की कारखाना हातचा गेला, घर उघड्यावर यायची वेळ आहे, वहिनींनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण नुकसान कोणीतरी भरलं पाहिजे. वाडग्याचा अर्धा हिस्सा त्या माझ्या नावावर करतील, त्यांना आयुष्यभर दोन वेळचं जेवण मी देईन. कागद तयार होता. त्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "गोकर्णाबाई, तुमची राजीखुशी हाय ना? कोणाचा जोर तं नाही?"

मोठाई म्हणाली, "हाय राजीखुशी."

बाबा मला म्हणाले, "शोभा, चहा दे सगळ्यांले." मी ट्रे घेऊन फिरले. मोठाईपुढे गेले तेव्हा तिने डाव्या हाताने ग्लास उचलला, उजवा पट्टीत होता. अंगठाही मग डावाच घेतला. शाईची डबी मी धरली होती. तिने अंगठा उमटवला आणि बोट पुसायला काही दिसेना म्हणून माझ्या फ्रॉकच्या कडेला हात नेला, मग थांबली आणि स्वतःच्या पदराला पुसलं.

दोन वेळचं जेवण तिने घेतलं नाही. दुसऱ्याच सकाळी ती जळगाव जामोदला भावाकडे निघाली. मायने भाकऱ्या, कांद्याची चटणी आणि चार पातोड्या फडक्यात बांधून दिल्या. एसटी स्टँडवर सोडायला कोणी गेलं नाही. दुपारी मी वाडग्यात गेले तर ते गाठोडं कुडाच्या भिंतीवर ठेवलेलं होतं, गाठही न सोडलेलं, आणि त्यावर मुंग्या होत्या. मायने ते उचललं, मुंग्या झटकल्या आणि पातोड्या कोंबड्यांना घातल्या. मी विचारलं, "माय, तुले माहीत होतं ना?" ती म्हणाली, "चहाच्या भांड्याच्या बुडाशी साखर होती. मोठाई बिनसाखरेचा पेते." आणि मग, "तुह्या बाबानं ठरवलं ते ठरवलं. आता तू त्या पोत्यावर बस. ढीग कोण पाह्यन?"

मी बसले. बारावीपर्यंत सुट्ट्यांमध्ये मीच निवडत होते. शेड झाली, यंत्र आलं, दुसरा कारखाना मिळाला. त्या काचेवर मी अकोल्याला शिकले, रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि बाटल्यांच्या एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तिथे माझं काम होतं खडे शोधण्याचं. तडकलेली बाटली यायची, मी तडा कुठून निघाला ते पाहायची, तिथला कण कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि लिहायची: चिनी माती. माझ्या निवृत्तीच्या आधी तिथे निवडीचं यंत्र आलं. पट्ट्यावरून काच पाण्यासारखी वाहते, कॅमेरा प्रत्येक तुकडा पाहतो आणि चिनीचा तुकडा दिसला की हवेची एक फुंकर त्याला बाजूला उडवते. पहिल्या दिवशी मी त्यासमोर दोन तास उभी होते. लोकांना वाटलं, बाईंना फार कौतुक आहे.

मागच्या वर्षी माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने मला पुण्याच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे टाकाऊ बाटल्यांच्या काचेची मैद्यासारखी पूड करतात, ती चिकट द्रावणात कालवतात आणि यंत्र त्यातून थरावर थर चढवत वस्तू छापतं. मग भट्टीत द्रावण जळून जातं आणि काच उरते. त्याने माझ्या तळहातावर एक जाळी ठेवली, बोटभर लांब, मधमाशांच्या पोळ्यासारखी, काच फुंकणाऱ्या कोणत्याही कारागिराच्या हाताला न जमणारी. सुंदर होती. "चिनीचा एक कण असला तरी भट्टीत तडकते," तो म्हणाला. मी विचारलं, "मग निवडतं कोण?" तो म्हणाला, "मॅडम, पूड बाहेरून येते." त्याला माहीत नव्हतं. विचारावंसं वाटलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात मी जळगाव जामोदला गेले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मायही गेली होती. मोठाई आहे एवढं मी ऐकून होते. तिच्या भाच्याची बायको वंदना हिने दार उघडलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आत्याबाई आता खूप विसरतात, जुनं तेवढं आठवतं. मोठाई मागच्या पडवीत खाटेवर बसली होती, इतकी लहान झालेली की मला आधी नुसती गोधडीच दिसली.

"कोन?"

"शोभा. मेहकरची."

"नामदेवची शोभी?" तिने माझा हात हातात घेऊन चाचपला. तिचा अंगठा सरळ, ताठ, माझ्या मनगटावर टेकला. "हात मऊ हाय तुहा. चांगलं झालं."

मी सांगायला दोन गोष्टी घेऊन गेले होते. पहिली सांगितली. कप मी फोडला होता, पोत्यात मी टाकला होता.

ती हसली. तोंडात दात नव्हते. "ते काय सांगतेस? मले तवाच माहीत होतं. तुह्या मनगटावर ओरखडा होता."

"मंग बोलली काऊन नाहीस?"

"लेकरू होतीस. नामदेवनं तुले सोडलं नसतं. त्याचा राग तुले माहीत नाही, मले माहीत होता. म्हटलं, माह्याच अंगावर येऊ दे. मी काय, मोठी होती." ती गोधडीचा काठ सारखा करत होती. "नामदेव बिचारा काय करन? त्याले वाटलं माहीच चूक. त्याचा धंदा गेला. कागदावर अंगठा देला तवा माह्या मनात काही नव्हतं. म्हटलं, पोरगी वाचली."

तिथे थांबायला हवं होतं. वंदना चहा घेऊन आली होती, चहा पिऊन, पाया पडून मी निघू शकले असते. पण मला वाटलं की मी तेव्हा अगदीच गप्प बसले नव्हते हे तिला कळावं. सगळा दोष माझ्याकडे राहू नये म्हणून मी म्हणाले, "मोठाई, मी बाबांले सांगितलं होतं. चौथ्याच दिवशी. सगळं सांगितलं होतं."

तिचे हात थांबले.

"नामदेवले माहीत होतं?"

"हाव."

"कागद केला तवा माहीत होतं?"

मी मान हलवली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून मला तोंडाने पुन्हा "हाव" म्हणावं लागलं.

खूप साध्या आवाजात तिने विचारलं, "मंग मी कोणाले वाचवलं?"

दुसरी गोष्ट, ओरडण्याची, माझ्या तोंडातच राहिली. तिने माझा हात सोडला, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि वंदनाला म्हणाली, "हिले मोटारीवर बसवून दे."

आठ दिवसांनी वंदनाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, पण थकवा होता. "ताई, तुम्ही काय सांगून गेलात त्यांना? रोज सकाळी उठल्या की विचारतात, नामदेवले माहीत होतं का. मी हो म्हटलं की रडतात, जेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी विसरतात आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतात. मी काय सांगू?"

मी म्हणाले, "नाही म्हणून सांगा. नामदेवला काही माहीत नव्हतं म्हणा."

"ते करून पाहिलं. ऐकत नाहीत. म्हणतात, मले शोभीनं सांगितलं. शोभीले बोलवा, तिच्या तोंडून आइकतो."

मी येते म्हणाले. एकदा गुडघ्यांचं कारण सांगितलं, एकदा उन्हाचं. वंदना अजून अधूनमधून फोन करते, आणि हल्ली मी तो लगेच उचलत नाही.